जुने बी पेरण्याआधी: घरच्या घरी उगवण चाचणी

मृग नक्षत्र जवळ आले की अगदी वेगवेगळ्या दोन घरांत एकच प्रश्न उभा राहतो. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याला घरी राखलेले सोयाबीन पेरावे की नवी पिशवी विकत घ्यावी, हे ठरवायचे असते. आणि गच्चीवर किंवा परसात चार भाज्या लावणाऱ्याला डब्यात गेल्या वर्षीची, कधी त्याच्याही आधीची, अर्धी उरलेली पाकिटे सापडतात. पहिल्या प्रश्नाची वर्तमानपत्रांतून चर्चा होते आणि पेरणीपूर्वी कृषी विभाग गावोगावी बीज उगवण चाचणीची प्रात्यक्षिके घेतो. दुसरा प्रश्न बहुधा अंदाजाने निकालात निघतो: कोणी सगळी पाकिटे फेकून देतो, कोणी सगळी कुंड्यांत ओततो. वास्तविक दोन्ही प्रश्नांमागचे शास्त्र एकच आहे आणि त्याचे उत्तर मिळवायला ओला कपडा, एक डबा आणि आठवडा-दोन आठवड्यांचा धीर पुरतो.

पाकिटावरची तारीख काय सांगते?

बियाणे अधिनियम १९६६ आणि त्याखालील नियमांनुसार बियाण्याच्या पाकिटावर जात, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख आणि उगवणशक्ती नोंदवावी लागते. योग्य ओलावा, ऊब आणि हवा मिळाल्यावर शंभर बियांपैकी किती बियांपासून निरोगी रोपे तयार होतात, ते प्रमाण म्हणजे उगवणशक्ती. ती किमान किती असावी याची मर्यादा प्रत्येक पिकासाठी ठरलेली आहे. सोयाबीन, टोमॅटो, वांगे आणि कांदा यांना ७० टक्के, भेंडीला ६५ टक्के, तर मिरचीला आणि दुधी-कारल्यासारख्या वेलभाज्यांना ६० टक्के. म्हणजे मिरचीच्या कोऱ्या पाकिटातील दहांपैकी चार बिया उगवल्या नाहीत, तरी ते पाकीट नियमाप्रमाणे निर्दोष ठरते. जुन्या बियांवर राग काढण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण नव्या बियांकडूनही शंभर टक्क्यांची हमी कोणी दिलेली नसते.

वैधतेच्या तारखेविषयी सर्वाधिक गैरसमज आहे. प्रमाणित बियाण्याची वैधता चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने धरतात, आणि फेरचाचणीत ते उत्तीर्ण झाले तर ती आणखी सहा महिन्यांनी वाढवता येते. फेरचाचणीने मुदत वाढू शकते, यातच या तारखेचा खरा अर्थ आहे. ती विक्रीची मर्यादा आहे; त्या दिवशी बी मरते असा तिचा अर्थ नाही. उलट तारीख उलटलेली नसली, तरी मधल्या काळात पाकीट उन्हात किंवा दमट कपाटात पडून राहिले असेल, तर छापील आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

बी म्हातारे कशाने होते?

बी कोरडे आणि निश्चल दिसले तरी जिवंत असते. कठीण आवरणाच्या आत एक सूक्ष्म रोप, म्हणजे गर्भ, आणि त्याच्यापुरते अन्न साठवलेले असते, आणि अत्यंत मंद गतीने का होईना, आत रासायनिक क्रिया चालू असतात. काळ जातो तसे पेशींच्या पडद्यांतील स्निग्ध पदार्थ प्राणवायूमुळे खराब होतात, प्रथिने आणि जनुकीय द्रव्य यांची मोडतोड होते. पाणी मिळताच बी प्रथम ही दुरुस्ती हाती घेते आणि मग अंकुर बाहेर काढते. दुरुस्ती थोडी असेल तर बी केवळ उशिरा उगवते. ती आवाक्याबाहेर गेली असेल तर पाणी शोषूनही कुजते. ताजे आणि मृत यांच्या मधला हा मोठा टप्पा लक्षात आला, की जुने बी दुबळी रोपे का देते हेही कळते.

ही मोडतोड किती वेगाने होईल, हे मुख्यतः ओलावा आणि उष्णता ठरवतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातील बीजशास्त्रज्ञ जेम्स हॅरिंग्टन यांनी त्याचा एक ढोबळ नियम सांगितला: बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी केला की तिचे आयुष्य साधारण दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान सुमारे साडेपाच अंश सेल्सिअसने उतरवले तरीही दुप्पट होते. नियम सरसकट सर्व बियांना आणि सर्व परिस्थितींना लागू नाही, पण दिशा अचूक दाखवतो.

या दिशेची किंमत महाराष्ट्राने २०२० च्या खरिपात मोजली. त्याआधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पावसाने उभे आणि कापून ठेवलेले सोयाबीन भिजले होते. पुढच्या जूनमध्ये पेरलेले सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभरातून मोठ्या संख्येने आल्या. त्या बियांचे वय जेमतेम आठ महिने होते. सोयाबीनचे आवरण पातळ, गर्भ आवरणाला अगदी लागून आणि दाण्यात तेलाचे प्रमाण सुमारे वीस टक्के, त्यामुळे भिजणे आणि मळणीयंत्राचा मार या दोन्ही गोष्टी त्याला सोसत नाहीत. याच्या दुसऱ्या टोकाला इस्रायलमधील उदाहरण आहे. मृत समुद्राजवळच्या मसादा किल्ल्यावर १९६० च्या दशकातील उत्खननात सापडलेले सुमारे दोन हजार वर्षे जुने खजुराचे बी २००५ मध्ये रुजले. ते टिकले ते त्या प्रदेशाच्या कमालीच्या कोरडेपणामुळे. मात्र इजिप्तच्या थडग्यांतील गहू उगवल्याच्या ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्या तपासात टिकलेल्या नाहीत.

कोणते बी किती टिकते?

थंड आणि कोरड्या जागी ठेवलेल्या बियांसाठी बागकामात काही ढोबळ मर्यादा धरल्या जातात. कांद्याचे बी सर्वांत अल्पायुषी, जेमतेम एक वर्षाचे. भेंडी आणि मिरची दोन वर्षे, गाजर तीन, टोमॅटो, वांगे आणि कोबी चार, तर काकडी आणि मुळा पाच वर्षांपर्यंत. हे आकडे बहुतेक थंड देशांतील अनुभवावर बेतलेले आहेत. कोकणात किंवा मुंबईत एक पावसाळा उघड्या पाकिटात काढलेल्या बियांना ते जसेच्या तसे लावणे धाडसाचे ठरेल, कारण बी हवेतील दमटपणा शोषून घेते. तेव्हा या मर्यादांचा उपयोग चाचणी कोणत्या पाकिटापासून सुरू करावी हे ठरवण्यापुरता करावा. कांद्याचे दोन वर्षांपूर्वीचे पाकीट संशयित आणि काकडीचे बहुधा ठीक, इतकेच.

काही बिया या हिशेबात बसतच नाहीत. आंबा, फणस, जांभूळ यांच्या बिया वाळवल्या की मरतात. आंब्याची कोय पुढच्या वर्षासाठी जपून ठेवण्यात अर्थ नाही. ती फळ खाल्ल्यावर लवकरात लवकर रुजत घालावी लागते.

चाचणी कशी करावी?

पाकिटातील सगळे बी ताटात ओतून हाताने सारखे करावे आणि न निवडता मोजून घ्यावे. टपोरे दाणे वेचून घेतले की चाचणी आपल्याला हवे तेच उत्तर देते. सुती कापडाचा तुकडा, कागदी रुमाल किंवा वर्तमानपत्राच्या चार घड्या पाण्यात बुडवून पिळून घ्याव्यात. बोटाने दाबल्यावर ओल लागावी, पण पाणी निथळू नये. बियांना श्वसनासाठी हवा लागते आणि साचलेल्या पाण्यात चांगले बीही गुदमरून कुजते. या कापडावर दहा-दहाच्या ओळींत, एकमेकींना न टेकतील अशा बिया मांडून गुंडाळी करावी, झाकण सैल ठेवलेल्या डब्यात ती ठेवावी आणि पिकाचे नाव व तारीख पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून सोबत टाकावी. पेनची शाई ओलाव्याने फुटते.

सोयाबीनसारख्या मोठ्या दाण्यांसाठी गोणपाट सोयीचे पडते. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा ओळींत मांडून त्याची गुंडाळी सावलीत ठेवावी आणि अधूनमधून पाणी शिंपडावे. सहा-सात दिवसांत चित्र स्पष्ट होते.

जागेची निवड महत्त्वाची आहे. बहुतेक भाज्यांना पंचवीस ते तीस अंश तापमान मानवते आणि ते आपल्या घरांत वर्षाचा बराच काळ आपोआप मिळते. परंतु मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या घरांत पारा त्याच्या बराच वर जातो. अशा वेळी डबा पाण्याच्या माठाजवळ किंवा मोरीकडच्या गार कोपऱ्यात ठेवावा. सॅलडसाठी लावतात त्या लेट्यूसचे बी तर तीस अंशांच्या आसपास उगवणेच थांबवते आणि ताजे असूनही मेल्यासारखे वागते.

बी गुलाबी, हिरवे किंवा निळे रंगवलेले असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेले आहे, असे समजावे. ते हाताळल्यावर हात धुवावेत, आणि चाचणीत नापास झाले म्हणून कोंबड्यांपुढे टाकू नये.

मोजायचे काय आणि किती दिवस थांबायचे?

पांढरे टोक दिसले की बी उगवले, असे मानण्याचा मोह होतो. प्रयोगशाळेत असे मोजत नाहीत. मूळ वाढले आहे, कोंब सरळ आहे, बीजदले (बियांतून निघणारी पहिली पाने) शाबूत आहेत, अशाच रोपांना ‘सामान्य रोप’ म्हणून गुण मिळतो. खुरटलेले मूळ, शेंडा नसलेला कोंब, गुंडाळलेले विचित्र रोप ही अपयशाच्या रकान्यात जातात. जुन्या बियांत अशी व्यंग असलेली रोपे अधिक निघतात. त्यामुळे केवळ टोके मोजणारा माणूस स्वतःची फसवणूक करून घेतो.

मुदतीचा प्रश्नही असाच. अधिकृत चाचणीत सोयाबीन आणि काकडीला आठ दिवस, मुळ्याला दहा, कांद्याला बारा, टोमॅटो, वांगे, मिरची आणि मेथीला चौदा, तर भेंडी आणि कोथिंबीर यांना एकवीस दिवस दिले जातात. चौथ्या दिवशी मिरची दिसली नाही म्हणून डबा रिकामा करणे हा बियांवर अन्याय आहे. रोज एकदा गुंडाळी उघडावी, बुरशी धरलेले दाणे काढून मोजावेत आणि उगवलेल्यांची तारीखवार नोंद ठेवावी. ही नोंद पुढे कामास येते.

कोथिंबिरीचा हिशेब थोडा वेगळा आहे. एका अख्ख्या धण्यात दोन बिया असतात. म्हणून पेरण्यापूर्वी धणे चोळून दोन फाके करतात. चाचणीतही फाकेच मोजावेत.

दहा बिया पुरतात का?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. पाकिटातील बिया तशा नसतात: कोणी पहिल्या फळातील, कोणी शेवटच्या, कोणी पाकिटाच्या फाटक्या तोंडाजवळ ओल शोषलेली. म्हणून एका-दोन बियांवरून निकाल देता येत नाही. अधिकृत चाचणीत शंभराचे चार गट करून चारशे बिया घेतात. घरी ते शक्य नाही. पण कमी बियांचा निकाल किती सैल असतो, हे जाणून घ्यावे. दहांपैकी सात उगवल्या, तर त्या पाकिटाची खरी उगवणशक्ती ३५ पासून ९३ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. शंभरांपैकी सत्तर उगवल्या, तर हाच पल्ला साधारण ६० ते ७९ इतका आवळतो.

मग दहांची चाचणी निरुपयोगी आहे का? परसबागेसाठी नाही. तिथे प्रश्न ‘६८ की ७२’ असा नसतो. ‘चांगले, मध्यम की गेलेले’ इतकाच असतो, आणि दहांपैकी एकच उगवली किंवा नऊ उगवल्या, तर त्याचे उत्तर मिळते. निकाल मधल्या पट्ट्यात आला आणि बी भरपूर असेल, तर पुन्हा वीस-पंचवीस बिया लावाव्यात. शेतासाठी मात्र शंभरांहून कमी दाण्यांवर निर्णय घेऊ नये.

चाचणीत बी वाया जाते, ही तक्रारही फारशी खरी नाही. मूळ फुटलेले दोडक्याचे किंवा कारल्याचे बी अलगद उचलून मातीच्या पिशवीत लावले की रोप होते.

पाण्यात टाकून ओळखता येत नाही का?

बुडेल ते चांगले आणि तरंगेल ते खराब, ही समजूत जुनी आहे आणि तिच्यात सत्याचा थोडाच अंश आहे. पोकळ, किडीने पोखरलेला दाणा तरंगतो, त्यामुळे पोचट दाणे वेगळे काढायला पाणी उपयोगी पडते. परंतु म्हातारपणाने मेलेल्या बियांचे वजन जवळजवळ तेवढेच राहते आणि ती निमूटपणे तळाशी जाते, तर भोपळ्या-दुधीच्या चपट्या, हवा धरून ठेवणाऱ्या बिया उत्तम असूनही तरंगतात. जीव आहे की नाही, हे घनता सांगू शकत नाही.

रात्रभर भिजवून पेरण्याबाबतही जपून असावे. जुन्या बियांतील पेशींचे पडदे कमकुवत झालेले असतात आणि पाणी एकदम आत शिरले की ते फाटतात. सोयाबीन, वाल, चवळी अशा कडधान्यवर्गीय बियांत हा धोका विशेष आहे. ओल्या कापडातून सावकाश ओल मिळणे त्यांना अधिक मानवते.

ज्यांना दोन आठवडे थांबायला वेळ नाही, अशा बीजप्रयोगशाळांसाठी टेट्राझोलियम नावाच्या रसायनाची चाचणी आहे. जिवंत ऊती त्यात लाल होतात, मृत पांढऱ्या राहतात, आणि एक-दोन दिवसांत निकाल लागतो. तो लाल रंग नेमका गर्भाच्या कोणत्या भागावर चढला, हे वाचायला सरावलेला डोळा लागतो. घरी करण्यासारखे ते काम नव्हे.

टक्केवारी हाती आल्यावर

आकड्याचा उपयोग बी किती पेरायचे हे ठरवण्यासाठी आहे. टोमॅटोची वीस रोपे हवी आहेत आणि उगवण ६० टक्के आहे, तर वीस भागिले ०.६ म्हणजे ३३ बिया लागतील. मातीतील नुकसान धरून चाळीस टाकाव्यात. वेलाच्या आळ्यात ५० टक्के उगवणीच्या तीन बिया टोकल्या, तर एकही न उगवण्याची शक्यता आठात एक असते, दोनच टोकल्या तर चारात एक. सोयाबीनसाठी ७० टक्के उगवण धरून एकरी ३० किलो बियाणे सांगितले जाते. चाचणीत ६० टक्के आले, तर त्याच प्रमाणात एकरी ३५ किलो लागेल.

हे गणित कुठवर ताणायचे? माझ्या मते शेतात ५० टक्क्यांच्या खालचे बियाणे पेरूच नये, कारण उगवणीबरोबर रोपांचा दमही गेलेला असतो आणि हुकलेला पेरणीचा मोसम परत मिळत नाही. कुंडीत धोका कमी असतो, तिथे ३० टक्क्यांचे बीही दाट पेरून बघायला हरकत नाही. याहून खालचे, बाजारात सहज मिळणारे बी टाकून द्यावे. मात्र ते आजोळचे गावरान वांगे किंवा घराण्यात राखलेला वाल असेल, तर दहात एक उगवत असले तरी सगळे बी लावावे आणि त्या मोजक्या झाडांवरून नवे बी धरावे. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची जी बीजबँक उभी केली, तिच्यासारख्या कामाचाही हाच गाभा आहे: वाण टिकवायचा तर तो ठरावीक काळाने जमिनीत लावून नवा करावा लागतो.

कापडात उगवले, मातीत का नाही?

ही सर्वांत रास्त शंका आहे. उगवणशक्ती हे आदर्श परिस्थितीतील मोजमाप आहे. मातीत वरचा थर पावसानंतर घट्ट बसतो, बी खोल पडते, बुरशी आणि मुंग्या असतात, मधेच उघडीप पडते. या सगळ्याला तोंड देऊन वर येण्याच्या ताकदीला ‘जोम’ म्हणतात, आणि बी म्हातारे होताना उगवणशक्तीच्या आधी जोम घसरतो. म्हणूनच तारीखवार नोंद हवी. दोन पाकिटांत दहांपैकी आठच बिया उगवल्या, पण एकात त्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम आणि दुसऱ्यात पाचव्यापासून बाराव्या दिवसापर्यंत रखडत उगवल्या, तर दुसरे पाकीट थेट जमिनीत टोकू नये. ट्रेमध्ये, हलक्या मिश्रणात, नजरेखाली रोपे करावीत. सोयाबीन ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये आणि तीन-चार सेंटिमीटरहून खोल टाकू नये, असे जे सांगतात, त्याचे कारणही त्याच्या नाजूक जोमात आहे.

न उगवलेले बी मेलेलेच असते का?

मुदत संपल्यावर राहिलेल्या बिया नखाने दाबून पाहाव्यात. पिचकली, आतून करडी किंवा बुळबुळीत निघाली, तर ती मेली. टणक आणि आतून कोरडी असेल, तर तिने पाणीच घेतलेले नाही. तिला ‘कठीण बी’ म्हणतात. गोकर्णात ही सवय ठळक आहे, भेंडीतही काही दाणे तसे निघतात, आणि कारल्याचे जाड आवरणही पाणी उशिरा आत घेते. अशा बिया पॉलिश पेपरवर हलक्या घासून, गर्भाच्या टोकाला धक्का न लावता, पुन्हा ओल्या कापडात ठेवाव्यात. काही बिया पाणी घेऊनही शाबूत राहतात, पण उगवत नाहीत. त्या सुप्तावस्थेत असतात. हे जुन्यापेक्षा नुकत्याच काढलेल्या बियांत अधिक आढळते. जुन्या पाकिटात ताज्याहून अधिक उगवण आली, तर चकित होण्याचे कारण नाही.

चाचणी जात ओळखत नाही. संकरित टोमॅटोच्या फळातून धरलेले बी ९० टक्के उगवेल, पण त्याची झाडे आणि फळे मूळ रोपासारखी असतीलच असे नाही. सोयाबीन स्वपरागित, म्हणजे फुलातल्याच परागाने फळणारे, असल्यामुळे तिथे ही अडचण नाही, आणि म्हणूनच घरचे बियाणे वापरण्याचा सल्ला त्या पिकात देता येतो.

उरलेले बी ठेवताना

निकाल पाकिटावर महिना-वर्षासह लिहावा आणि पुढच्या हंगामाआधी पुन्हा चाचणी घ्यावी. चालू वर्षीचे ७० टक्के पुढच्या वर्षी गृहीत धरता येत नाहीत. साठवताना पहिले काम वाळवण्याचे. ते सावलीत करावे, आणि नंतर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसह पाकिटे ठेवावीत. राखेत घोळवून मडक्यात बी ठेवण्याची आपल्याकडील जुनी रीतही हेच साधते: राख ओल शोषते आणि किडीला अटकाव करते. ओलसर बी हवाबंद केले तर मात्र आतल्या आत बुरशी धरते, म्हणजे उघड्या पाकिटापेक्षाही वाईट परिणाम होतो.

वाळलेल्या बियांची बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुककोशात नीट वाळवलेले बी उणे १८ अंशांवर ठेवतात, पण घरी वाळवण्याची तितकी खात्री नसल्याने फ्रीझरच्या वाटेला जाऊ नये. बियांतील पाणी गोठले तर पेशी फुटतात. फ्रिजमधून काढलेली बरणी लगेच उघडली की गार बियांवर हवेतील बाष्प जमते आणि महिनोन्महिने जपलेला कोरडेपणा काही मिनिटांत जातो. म्हणून पेरणीच्या आदल्या रात्री बरणी बाहेर काढून ओट्यावर तशीच बंद ठेवावी आणि सकाळी उघडावी.